पडणारे दात, टिकणारे प्रश्न

गणपतीच्या दिवसांत लांजा तालुक्यातल्या वाड्यांवर संध्याकाळ झाली की आरत्यांची फेरी निघते. एका घरची आरती आटोपली की टाळ-मृदंग उचलून मंडळी पुढच्या घरी. सगळ्यांत पुढे पोरं. प्रत्येक घरी हातावर काहीतरी पडतंच: साखरफुटाणे, पेढा, खोबऱ्याची वडी, पंचखाद्य, नशीब असेल तर मोदक. दहा घरांच्या आरत्या म्हणजे दहा वेळा तोंड गोड. शेवटच्या घरून निघेपर्यंत चार वर्षांचं पोर बापाच्या खांद्यावर झोपी गेलेलं असतं. शेवटच्या पेढ्याचा लगदा त्याच्या दाढांच्या खाचांत तसाच असतो.

गोडाला दंतवैद्यांचा विरोध असतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांचा खरा आक्षेप पेढ्याला कमी आणि ‘दहा वेळा’ला जास्त असतो, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. लहान मुलांच्या दातांविषयी पालकांना पडणारे बहुतेक प्रश्न या एका मुद्द्यापाशी येऊन थांबतात.

तोंडात जिवाणू कायमचे मुक्कामाला असतात. त्यांतले काही, विशेषतः १९२४ मध्ये इंग्लंडमध्ये क्लार्क या शास्त्रज्ञाने शोधलेला स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स, साखर मिळाली की काही मिनिटांत आम्ल तयार करतात. तोंडाचा सामू साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कठीण थरातून, म्हणजे एनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडू लागतं. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि गेलेली खनिजं काही अंशी परत भरते. त्याला साधारण अर्धा तास लागतो. मुलाने एकदाच बसून तीन पेढे खाल्ले तर दातांना एकदा मार बसतो. तेच तीन पेढे अर्ध्या-अर्ध्या तासाने खाल्ले तर तीनदा बसतो, आणि मधल्या वेळात दुरुस्तीला सवडच उरत नाही. झोपेत लाळ फार कमी सुटते. त्यामुळे झोपण्यापूर्वीचं शेवटचं गोड सगळ्यांत महागात पडतं.

हे ज्या प्रयोगातून ठामपणे कळलं तो वैद्यकाच्या इतिहासातला एक लाजिरवाणा प्रयोग आहे. स्वीडनमधल्या लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची मतिमंदांची संस्था होती. १९४५ नंतरच्या काही वर्षांत तिथल्या रुग्णांना त्यांच्या संमतीविना वेगवेगळ्या प्रकारे साखर देण्यात आली. कुणाला जेवणाबरोबर, कुणाला दोन जेवणांच्या मधे दाताला चिकटणाऱ्या टॉफीच्या रूपात. जेवणाबरोबर साखर खाणाऱ्यांचे दात फारसे बिघडले नाहीत, मधल्या वेळी टॉफी चघळणाऱ्यांचे मात्र झपाट्याने किडले. त्या रुग्णांवर झालेला अन्याय कशानेच भरून येणारा नाही. पण ‘किती’पेक्षा ‘किती वेळा’ महत्त्वाचं, हा दंतशास्त्राचा नियम तिथूनच पक्का झाला.

कोकणातल्या घरांना हा नियम नेमका लागू पडतो. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येतात, घरात खाऊचे डबे भरलेले असतात आणि पोरं येता-जाता हात घालतात. फणसपोळी, आंबापोळी, चिक्की, गूळ-खोबरं हे सगळं चिकट, दाढांत अडकून राहणारं. ‘गुळाने दात किडत नाहीत, साखरेने किडतात’ असं आजी सांगते, पण जिवाणूंना गूळ, साखर आणि मध यांत फरक वाटत नाही. बिस्किटंही निरुपद्रवी नसतात. त्यांचा पिठूळ लगदा दाढेच्या खाचेत बराच वेळ बसून राहतो. फणसपोळी बंद करायची गरज नाही. ती जेवणाच्या ताटात वाढली, तिच्यावर पाणी प्यायला दिलं आणि डबा फडताळात वर ठेवला, तरी बरंच काम होतं. उरलेल्या वेळी भुकेला काकडी, शेंगदाणे, ओलं खोबरं, उकडलेलं अंडं चालतं. शेंगदाण्यासारखे कडक दाणे मात्र चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे देऊ नयेत, घशात अडकतात.

पालकांचं सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य वेगळंच असतं: ‘दुधाचेच दात ते, पडणारच आहेत. त्यांच्यावर खर्च कशाला?’

दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास, बहुधा खालच्या बाजूला पुढे येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही पूर्ण होतात. ते पडायला सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात होते हे खरं, पण सगळे एकदम पडत नाहीत. पुढचे दात सहा ते आठ वर्षांच्या दरम्यान जातात. मागच्या दाढा मात्र दहाव्या, अकराव्या, कधी बाराव्या वर्षापर्यंत टिकायच्या असतात. तीन वर्षांच्या मुलाची किडलेली दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देणं म्हणजे त्याला पुढची सात-आठ वर्षं तिच्यावर चावायला लावणं.

या दाढांकडे आणखी एक काम असतं. गर्दीच्या एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तशी दुधाची दाढ खालून येणाऱ्या पक्क्या दातासाठी जागा धरून ठेवते. ती वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि नंतर आलेला पक्का दात वाट मिळेल तिथून, वेडावाकडा बाहेर येतो. किडीचा संसर्ग मुळाशी गेला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातावर डाग पडू शकतो. दुखणाऱ्या बाजूने मूल चावत नाही, जेवण टाळतं, रात्री रडत उठतं. ‘पोर जेवत नाही, अंगी लागत नाही’ या तक्रारीचं मूळ कधी कधी तोंडातच असतं आणि तिथे कुणी पाहिलेलंच नसतं.

हे दुखणं थोड्याथोडक्यांचं नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के मुलांच्या दातांत कीड आढळली होती. म्हणजे दोघांपैकी एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१ कोटींहून अधिक मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत.

काळजी सुरू होते ती पहिला दात दिसण्याच्याही आधी. मूल हिरड्या चावतं, लाळ गाळतं, चिडचिडं होतं. त्यातच वरचे दात आधी आले तर ‘मामाला जड’ अशी कुजबुज सुरू होते. दात कुठल्या क्रमाने यावेत याला बराच वाव असतो आणि मामाच्या तब्येतीशी त्याचा काही संबंध नसतो. ताप आणि जुलाब यांचं काय? दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं. पण थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप, पाण्यासारखे जुलाब किंवा उलट्या दातांमुळे होत नाहीत. सहाव्या महिन्याच्या सुमारास आईकडून मिळालेलं संरक्षण ओसरू लागतं आणि त्याच वेळी मूल दिसेल ते तोंडात घालू लागतं. दोन्ही गोष्टी एकदम घडतात आणि दोष दातांवर जातो. ‘दात येतायत, म्हणून’ असं म्हणत पावसाळ्यातला ताप अंगावर काढणं धोक्याचं आहे.

दातांच्या नावाने दिली जाणारी औषधं तर अनेकदा दातांपेक्षा त्रासदायक ठरली आहेत. इंग्लंड-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दात येणाऱ्या बाळांना पाऱ्याचं संयुग असलेल्या पावडरी सर्रास दिल्या जात. हातपाय गुलाबी होऊन सोलले जाणं, मूल अखंड तळमळत राहणं असा एक आजार तेव्हा पसरला होता. १९५० च्या दशकात त्या पावडरी बाजारातून गेल्या आणि आजारही जवळपास नाहीसा झाला. अलीकडे, २०१८ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बेंझोकेन असलेली बधिर करणारी जेल दोन वर्षांखालील मुलांच्या हिरड्यांना लावू नयेत असा इशारा दिला, कारण त्यांच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटू शकते. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरड्या हलक्या हाताने चोळाव्यात, थंड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं चावायला द्यावं. एवढं पुरतं. मधाचं बोट चाटवू नये. एक वर्षाखालील बाळांना मधातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

दात आल्यावरचा मोठा शत्रू म्हणजे रात्रीची बाटली. साखर घातलेलं दूध पीत पीत मूल झोपतं, तेव्हा ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं, लाळही तिथेच जमते, म्हणून ते बहुधा वाचतात. वरचे चार दात काळे-तपकिरी होऊन झिजलेले आणि खालचे धडधाकट, असं चित्र दिसलं की दंतवैद्य पहिला प्रश्न बाटलीचाच विचारतात. बाटली एक वर्षानंतर हळूहळू सोडवावी. दूध कपाने, पेल्याने द्यावं आणि दात घासल्यानंतर फक्त पाणी. अंगावरच्या दुधाला मात्र यात दोषी धरून ते तोडू नये. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही स्तनपान करावं असं सांगते. वर्षानंतर रात्रभर पाजावं लागत असेल, तर झोपण्यापूर्वी दात साफ असणं अधिक महत्त्वाचं ठरतं.

घासायचे कधीपासून? पहिला दात दिसल्या दिवसापासून, मऊ केसांच्या छोट्या ब्रशने, दिवसातून दोनदा. पेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षं वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशवर दिसणारा लांबलचक वळसा मुलांसाठी नसतो. ट्यूबवर फ्लोराइडचं प्रमाण १००० पीपीएमच्या आसपास आहे का ते वाचून घ्यावं, कारण मुलांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये ते फार कमी असतं किंवा नसतंच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत भूजलातल्या जादा फ्लोराइडने दातांवर डाग पडतात, हाडंही बिघडतात. त्या बातम्या वाचून अनेक पालक फ्लोराइडलाच घाबरतात. तो वर्षानुवर्षं पोटात जाणाऱ्या पाण्याचा परिणाम आहे. दाण्याएवढ्या पेस्टचं, आणि तीही थुंकायची असताना, तसं नाही. थुंकल्यावर खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे थोडं फ्लोराइड दातांवर टिकतं.

घासायचं कुणी, हा प्रश्न जास्त अवघड. ‘आमचा बाळू स्वतःच घासतो’ असं कौतुकाने सांगितलं जातं. पण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या मनगटाला तो सफाईदारपणा आलेला नसतो. तो पुढचे चार दात घासतो आणि पेस्ट गिळतो. मोठ्या माणसाने भिंतीला टेकून खाली बसावं, मुलाचं डोकं आपल्या मांडीवर उताणं घ्यावं, डाव्या हाताच्या बोटाने ओठ आणि गाल बाजूला धरावा आणि उजव्या हाताने घासावं. अशा स्थितीत शेवटच्या दाढेपर्यंत दिसतं. रडारड होते, पहिले आठ-पंधरा दिवस. दोन दातांमध्ये फट नसेल तर तिथे ब्रश पोचत नाही आणि दाढांमधली कीड बहुतेकदा तिथूनच सुरू होते. तिथे धागा फिरवावा लागतो.

राखुंडी, कोळसा-मीठ, विटेची पूड यांनी दात पांढरे दिसतात खरे, पण ते घासून घासून झिजवल्यामुळे. दुधाच्या दाताचं एनॅमल आधीच पातळ असतं. तंबाखू भाजून केलेली मिश्री तर घरातल्या मोठ्यांनीही सोडायला हवी. दंतमंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजल्या जाणाऱ्या मिश्रीपर्यंत कायदा पोचत नाही. आजीच्या मांडीवर बसून तिच्या डबीत बोट घालणारं नातवंड काय शिकतं, ते सांगायला नको.

काही काळज्या मात्र विनाकारण केल्या जातात.

दुधाच्या दातांत फटी असणं चांगलं. पक्के दात रुंद असतात, त्यांना ती जागा लागणार असते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या खालच्या दुधाच्या दातांमागे पक्क्या दातांची दुसरी रांग दिसली तर घाबरू नये. जीभ त्यांना हळूहळू पुढे ढकलते, हलणारा दुधाचा दात पडतो आणि रांग लागते. तो काही महिन्यांत हललाच नाही तर दाखवावं. सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान वरचे पुढचे दोन दात फाकलेले, तिरके दिसतात. सुळे खाली उतरले की ती फट बहुधा आपोआप मिटते, तारा बसवायची घाई नको. अंगठा चोखण्याची सवय चार वर्षांपर्यंत सुटली तर दातांवर सहसा कायमचा परिणाम राहत नाही. झोपेत दात खाणाऱ्या मुलाला ‘जंत झालेत’ म्हणतात, पण या दोहोंचा संबंध सिद्ध झालेला नाही. मुलांमध्ये ही सवय खूप आढळते आणि वाढत्या वयात बहुधा जाते. जंतांचं औषध राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडी-शाळेत मिळतंच, ते वेगळ्या कारणासाठी अवश्य द्यावं. लोहाचं औषध सुरू केल्यावर दातांवर काळी झाक आली तर ते औषध बंद करू नये. ती झाक वरवरची असते, दंतवैद्याला ती साफ करता येते. औषध दिल्यावर पाणी पाजलं तर ती कमी येते.

खरी घाई करावी असे प्रसंग दोन. गाल किंवा हिरडी सुजली आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. शेक देत बसू नये. दुसरा प्रसंग पडझडीचा. जांभ्या दगडाच्या अंगणात, पाखाडीवर, आंब्याच्या झाडाखाली पोरं तोंडावर पडतात आणि दात अख्खा बाहेर येतो. तो दुधाचा असेल तर परत बसवू नये. खालच्या पक्क्या दाताला इजा होते. पक्का असेल तर पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मुळाला हात लावू नये, घासू नये. माती लागली असेल तर काही क्षण पाण्याखाली धरावा, जमल्यास लगेच जागेवर बसवावा, नाहीतर कपभर दुधात टाकून दंतवैद्याकडे पळावं. अर्ध्या तासात बसवला तर तगण्याची शक्यता चांगली असते, तासानंतर ती झपाट्याने घटते. लांज्याहून रत्नागिरीच हमरस्त्याने चाळीसेक किलोमीटर आहे. तेवढ्या अंतरात दाताला दुधाचाच आधार असतो.

उपचारांचं काय? किडलेल्या दुधाच्या दाढेलाही रूट कॅनॉलसारखा उपचार असतो, त्यावर स्टीलची टोपी बसवतात आणि वेळ आली की टोपीसकट दात पडतो. फार लहान मुलांत, जी खुर्चीत बसतच नाहीत, सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध किडीवर नुसतं लावतात. सुई नाही, ड्रिल नाही. किडलेला भाग काळा पडतो, पण कीड बहुधा तिथेच थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. सहाव्या वर्षी सगळ्यांत मागे, कुठलाही दात न पडता, एक पक्की दाढ येते. अनेक पालक तिला दुधाचीच समजतात आणि ती किडून जाते. तिच्या खोल खाचा आधीच भरून घेता येतात. त्याला सीलंट म्हणतात.

या सगळ्याची सुरुवात सरकारी दारातूनही करता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरला झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतात, आणि तपासायच्या आजारांच्या यादीत दातांची कीड स्पष्टपणे आहे. पथकाने पुढे पाठवण्याची चिठ्ठी दिली, तर ती दप्तरात विसरू नये. लांज्याचं ग्रामीण रुग्णालय, रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय हे पुढचे टप्पे. जिल्ह्यात खेडला योगिता दंत महाविद्यालयही आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ‘स्वच्छ मुख अभियान’ हाती घेऊन सचिन तेंडुलकरला त्याचा चेहरा केलं, तेव्हा मुद्दा लोकांच्या नजरेत आला. पण नजर घालायची ती घरातच.

कशी, ते सोपं आहे. महिन्यातून एकदा, दिवसाउजेडी, मुलाचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून पाहावं. हिरडीलगत दातांवर खडूसारखा पांढरा, मंद पट्टा दिसला तर ती कीड सुरू होण्याची पहिली खूण असते. या टप्प्यावर ती फ्लोराइडने आणि खाण्याच्या वेळा बदलून परतवता येते. तपकिरी खड्डा पडल्यावर ते शक्य नसतं, मग दुरुस्तीच करावी लागते. पहिला वाढदिवस होईपर्यंत मुलाला एकदा दंतवैद्याकडे नेऊन आणावं, दुखत नसलं तरी. दुखेपर्यंत थांबलात, तर पहिलीच भेट सुईची होईल आणि मूल पुढे कित्येक वर्षं त्या खुर्चीला घाबरेल.